वस्तरा पट्ट्यावर फिरवताना पाठ सोडायची नाही

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण मला सगळ्यात जास्त वेळा हेच विचारलं जातं, की सलूनमधल्या वस्तऱ्यालाही पट्टा मारायचा का. सलूनमध्ये दाढीला बसल्यावर कारागीर जो वस्तरा काढतो, ब्लेड मधोमध मोडून त्यातलं अर्धं सरकवतो आणि दाढी झाली की फेकून देतो, त्याला पट्टा लागत नाही. मुंबईत आता जवळपास सगळीकडे तोच दिसतो आणि ते चांगलंच आहे, एकाचं रक्त दुसऱ्याला लागायची भीती नाही. मी बोलतोय तो जुना, अख्ख्या पोलादाचा, दांडीत मिटणारा वस्तरा, जो आपण घरी फक्त स्वतःपुरता वापरतो आणि प्रत्येक दाढीच्या आधी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतो. याला स्ट्रॉपिंग म्हणतात, युपीकडचे कारागीर पट्ट्याला चमोटा म्हणतात, मी सरळ पट्टाच म्हणतो.

मी हे शिकलो लालबागच्या एका काकांकडून. त्यांचं सलून आता मुलगा बघतो, पण काकांच्या धोकटीत अजून एक जर्मनीचा, झोलिंगनचा वस्तरा आहे, पाठीवरचं, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेवरचं, कोरीवकाम घासून घासून पुसट झालेलं. त्यांनी मला पहिल्या दिवशी फक्त एक वाक्य सांगितलं: टेकवताना आधी पाठ मग धार, उचलताना आधी धार मग पाठ. तेव्हा मला वाटलं हे काय एवढंसं, पण पुढचे दोन महिने मी तेवढंच शिकत होतो.

पट्टा नेमकं काय करतो ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं डोक्यात बसेल. पट्टा धार लावत नाही. धार लागते दगडावर, आठ हजार, बारा हजार ग्रिटच्या बारीक दगडावर (ग्रिटचा आकडा जेवढा मोठा तेवढा दगड बारीक), आणि ते वेगळं काम आहे. वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की एका दाढीतसुद्धा ती जागोजागी किंचित वाकते, पाण्याने तिच्यावर डोळ्याला न दिसणारा गंज धरायला लागतो. चामड्यावरून उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे, असं ओढलं की ती वाकलेली कड परत सरळ होते, घासून गुळगुळीत होते, आणि गालावर फरक लगेच कळतो. पण जो वस्तरा मुळात बोथट आहे त्याला पट्ट्यावर दोनशे वेळा फिरवलं तरी तो बोथटच राहणार.

हे मी एवढं जोर देऊन सांगतोय कारण मी स्वतः यात अडकलो. पहिला वस्तरा ऑनलाइन मागवला, विकणाऱ्याने लिहिलं होतं दाढीसाठी तयार आहे, आणि मी महिनाभर रोज पट्टा मारत बसलो, गाल लाल, मानेवर पुरळ, आणि मनात एकच की माझा हातच चुकतोय. शेवटी काकांना नेऊन दाखवला तर त्यांनी हातावरच्या केसांवरून वरच्या वर फिरवला, एक केस तुटला नाही. म्हणाले, याला दगड लागलेलाच नाही. म्हणून नवीन शिकणाऱ्याने पहिला वस्तरा कोणा जाणत्या माणसाकडून दगडावर लावूनच घ्यावा, नाहीतर चूक वस्तऱ्याची की हाताची हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

चोर बाजारात, मटण स्ट्रीटच्या आसपास, शुक्रवारी पहाटेच्या बाजारात कधीकधी जुने वस्तरे मिळतात. घ्यायचा असेल तर मोबाईलचा टॉर्च मारून धार बघा, कुठे टवका उडालाय का, तडा गेलाय का, गंज धारेपर्यंत पोचलाय का. पाठीवर गंज असला तर चालतो, धारेत असला तर सोडून द्या. आणि जुना वस्तरा कितीही चकाचक दिसला तरी आधी नीट धुऊन, जंतुनाशकाने पुसूनच घ्यायचा, तो कोणाकोणाच्या गालावर फिरलाय आपल्याला माहीत नसतं.

आता पट्टा. तयार मिळतात, पण पहिला पट्टा महागातला घेऊ नका, कारण तो तुम्ही कापणार आहात. सगळेच कापतात. मी धारावीत गेलो होतो, सायन-बांद्रा लिंक रोडवर चामड्याची दुकानं आहेत तिकडे, आणि म्हशीच्या चामड्याची एक पट्टी कापून घेतली, चोवीस इंच लांब, तीन इंच रुंद, जाडी साधारण अडीच ते तीन मिलिमीटर. मागताना वेज टॅन मागा. म्हणजे झाडपाल्याच्या रसात कमावलेलं, आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं जसं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावतात त्यातला प्रकार. बॅगा-जॅकेटचं मऊ लुसलुशीत क्रोम टॅन चामडं दाबलं की खाली जातं, ते पहिल्या पट्ट्याला नको. वरची बाजू गुळगुळीत पाहिजे, त्यावर रंग किंवा प्लास्टिकसारखा चकचकीत थर नको. बोट फिरवलं की किंचित अडलं पाहिजे, सरसर घसरता कामा नये. जुना कमरेचा पट्टा चालेल का असं खूप जण विचारतात, तर बहुतेक पट्टे दोन थर चिकटवून मधे शिवलेले असतात, ती शिलाई धारेला लागते, आणि बरेच तर चामड्याचे नसतातच, म्हणून मी नाहीच म्हणतो.

चामड्याबरोबर एक कापडी पट्टीही लागते. कॅनव्हास मिळाला तर उत्तम, नाहीतर जुन्या जीन्सच्या पायाची शिलाई सोडून सरळ तीन इंचाची पट्टी कापा, धुवा, इस्त्री करा, झालं. कापडावर वस्तरा आधी फिरवायचा, त्याने साबणाचा अंश, ओलावा निघतो, मग चामडं.

हे दोन्ही एका टोकाला भोक पाडून हुकाला अडकवायचे. आमच्या वन रूम किचनमध्ये मी खिडकीच्या ग्रिलला अडकवतो, बेंबीच्या थोडं वर येईल एवढ्या उंचीला. बाथरूममध्ये नको, तिथे वाफ असते. दरवाजाच्या कडीला अडकवत असाल तर आतून बोल्ट लावा, कोणी दार ढकललं आणि तुमच्या हातात उघडा वस्तरा असेल तर काय होईल सांगायला नको. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरच.

डाव्या हाताने पट्ट्याचं खालचं टोक धरून आपल्याकडे ओढायचं. किती ओढायचं, तर कपडे वाळत घालायच्या दोरीला मधे जो झोळ येतो तसा झोळ अजिबात दिसता कामा नये. पट्टा सैल असला की चामडं धारेच्या मागे वर उचलतं आणि धार गोल होत जाते, आणि हे इतकं हळूहळू होतं की आठवडाभराने दाढी ओढायला लागते तेव्हा कळतं. हात दुखत असेल तर सरळ एक फूट लांबीचा गुळगुळीत लाकडी फळीचा तुकडा घ्या आणि चामडं त्यावर फेविकॉलने चिकटवा, टेबलावर ठेवून फिरवा. नवीन माणसाला मी तर हेच सुचवतो, एक हात मोकळा राहतो आणि झोळाचा प्रश्नच मिटतो.

पकड. वस्तरा असा उघडायचा की दांडी आणि पातं एका रेषेत येतील. मग पात्याच्या आणि दांडीच्या मधली जी मान असते ना, ती अंगठा आणि पहिल्या बोटात धरायची, बाकीची बोटं दांडीखाली नुसता आधार. इथे सगळी गंमत आहे. वस्तरा पलटवायचा तो मनगटाने नाही, या दोन बोटांनी. आजी समईची वात वळते तेव्हा तिचं मनगट हलत नाही, नुसती बोटं एकमेकांवरून सरकतात, अगदी तसं. मनगट वळलं की पात्याचं एक टोक आधी उचललं जातं, दुसरं मागे राहतं, आणि तिथेच पट्टा कापला जातो.

आता प्रत्यक्ष फिरवायचं. पट्ट्याच्या आपल्याकडच्या टोकाला सुरुवात करा. धार आपल्याकडे, पाठ पलीकडे. आधी पाठ टेकवा, मग धार हळूच खाली येऊ द्या, पातं सपाट झोपलं पाहिजे. पाठ आणि धार दोन्ही टेकल्या की कोन आपोआप बरोबर बसतो, तो तुम्हाला ठरवावा लागत नाही, जुन्या लोकांनी वस्तरा बनवतानाच तशी सोय करून ठेवलीये. आता पाठ पुढे ठेवून पलीकडे सरकवत न्या. शेवटापासून दोनेक इंच अलीकडे थांबा. थांबा म्हणजे खरंच थांबा. मग बोटांनी वळवा, धार वर उचलली जाईल, पाठ पट्ट्यालाच चिकटून राहील, पातं पाठीवरच कूस बदलेल आणि धार पलीकडच्या बाजूला टेकेल. आता पाठ तुमच्याकडे आहे, तशीच ओढत आपल्याकडे आणा. परत थांबा, परत पाठीवर पलटी. हे जाऊन येऊन मिळून एक फेरी.

चूक कुठे होते सांगतो, माझी झाली तिथेच बहुतेकांची होते. सरकवणं संपायच्या आधीच हात पलटी मारायला लागतो. पातं अजून पुढे चाललंय आणि धार खाली वळायला लागली, की ती चामड्यात घुसते. माझ्या पट्ट्यावर हुकापासून चार इंचांवर एक तिरका काप आहे, वस्तरा दगडावर लावून आणल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातला. त्या दिवशी मला ऑफिसला उशीर होत होता, आठ दहाची फास्ट पकडायची होती, आणि पंचविसाव्या फेरीपर्यंत सगळं छान चाललं म्हणून मी वेग वाढवला. नुसता खर्र असा आवाज आला. चामड्याला कागदाएवढी पातळ जीभ सुटली आणि धारेलाही मार बसला, परत दगडावर न्यावा लागला. त्यानंतर घाई असेल त्या दिवशी मी साध्या रेझरने दाढी करतो, वस्तऱ्याला हात लावत नाही.

सिनेमात न्हावी फटाफट वस्तरा आपटत पट्ट्यावर मारताना दाखवतात, ते बघून शिकू नका. तो वेग चाळीस वर्षांच्या हातात आपोआप येतो, आणि काका तर अजूनही आपटत नाहीत, त्यांचा आवाज मऊ येतो, कोऱ्या कागदावरून तळहात फिरवल्यासारखा. आवाज ऐकायची सवय लावा, फॅन बंद करून ऐका. जाताना आणि येताना एकच आवाज आला पाहिजे. एका बाजूचा आवाज खरखरीत येत असेल तर त्या बाजूला पाठ किंचित उचलली जातेय. आवाज टोकाकडे बदलत असेल तर दाब टोकावर जातोय.

दाबाबद्दल. दाब नाही. सुरुवातीला मी पट्ट्यावर जोर लावला तेव्हा काका म्हणाले, "ताकद नको लावू बाळा, वस्तऱ्याचं वजन आहे ना, तेवढं पुरे." हाताने फक्त दिशा द्यायची. घरात बारीक वजन दाखवणारा डिजिटल काटा असेल तर एक करून बघा: काट्यावर पातं आडवं झोपवा, दांडी नुसती हलकेच धरा आणि आकडा बघा, मग तुम्ही पट्ट्यावर जसं दाबता तसं दाबून बघा. मी केलं तेव्हा दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट होता आणि मला तर वाटत होतं मी अलगद धरलंय.

म्हणून पहिला आठवडा खरा वस्तरा वापरूच नका. ब्रेडला लोणी लावायची बोथट सुरी घ्या, तिला पाठ आहे, धार नाही, आणि तिच्यावर रोज दहा मिनिटं नुसती पलटी घोटा. पट्टा अजून घेतला नसेल तर वर्तमानपत्राच्या लांब तीन-चार घड्या घालून टेबलच्या कडेला चिमट्याने लावा. कागद हा खरोखरच चांगला पट्टा आहे, खूप जण चामडं नसताना त्यावरच काम भागवतात. सुरी घेऊन टीव्हीसमोर बसलात तरी चालेल, इथे हाताला वळण लागणं एवढंच काम आहे. डोळे मिटून सलग वीस वेळा पाठ न उचलता पलटी जमली की मगच वस्तरा उघडा, आणि मग डोळे उघडे.

पट्टा पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असेल, म्हणजे दोन-अडीच इंचाचा, तर सरळ नेऊन चालणार नाही, पात्याचा काही भाग बाहेरच राहील. मग तिरकं न्यायचं. सुरुवातीला मानेजवळचा भाग पट्ट्यावर असतो, टोक डावीकडे बाहेर, आणि पुढे नेता नेता हात थोडा उजवीकडे सरकवायचा, म्हणजे शेवटाला पात्याचं टोक पट्ट्यावर आलेलं असतं. परत येतानाही तसंच, आधी मान, शेवटी टोक. डावखुऱ्यांनी उलट समजून घ्या. तीन इंची पट्ट्यालाही मी हीच सवय ठेवतो, कारण चामडं कधी सगळीकडे सारखं सपाट नसतं.

किती फेऱ्या? मी कापडावर पंचवीस आणि चामड्यावर पन्नास मारतो. सुरुवातीला दहा-दहा सावकाश मारल्या तरी चालतील, वाईट पन्नासपेक्षा नीट दहा कधीही बऱ्या. दाढी झाल्यावर वस्तरा धुवायचा, पाठीकडून धारेकडे टिश्यूने पुसायचा, धारेवरून आडवा कधीच नाही, आणि मग कापडावर दहा फेऱ्या ओलावा काढायला.

झालं की नाही हे अंगठ्याने बघू नका, नखावर तर अजिबात नको. हातावरच्या केसांवरून, त्वचेपासून जरा वर, पातं फिरवा. न ओढता केस टिकटिक तुटले तर धार जागेवर आहे. मधला भाग तोडतोय आणि टोक तोडत नाही असं दिसलं तर पट्ट्यावर टोकाचा भाग नीट टेकत नाहीये.

हिरवी पेस्ट मिळते, क्रोमियम ऑक्साईडची. ती लावली की पट्टा खरोखर धातू खायला लागतो, म्हणजे तो थोडा दगड झाला. वस्तरा दोन-तीन महिन्यांनी मंद वाटायला लागला की वेगळ्या पट्टीवर ती लावून दहा-बारा फेऱ्या मारायच्या, धार परत जिवंत होते. पण रोजच्या चामड्यावर ती कधीच लावू नका, एकदा लागली की निघत नाही.

पट्टा कापला गेला तर टाकू नका. वरवरचा ओरखडा असेल तर बारीक पॉलिश पेपरने, चारशे नंबरच्या पुढचा, हलकेच घासून सपाट करा. जीभ सुटली असेल तर खाली टूथपिकने थोडा रबराचा डिंक, मोच्याकडचा असतो तो, लावून दाबून रात्रभर वजनाखाली ठेवा, सकाळी घासा. आरपार गेला असेल तर मात्र नवीन घ्या.

आणि आता मुंबईतला खरा शत्रू, पावसाळा. जून ते सप्टेंबर इथे चामड्यावर बुरशी धरते, कपाटातल्या चपला आठवा. पट्टा गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवू नका, वारा लागेल असा लटकत ठेवा, भिंतीला चिकटून नको. पांढरे ठिपके दिसले की कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली, उन्हात नाही, ऊन चामड्याला तडे पाडतं. पुस्तकी सल्ला असा की रोज तळहात चामड्यावर घासा, हाताच्या तेलाने ते मऊ राहतं. इथे मे महिन्यात तळहाताला तेल कमी आणि घाम जास्त असतो, घामात मीठ, आणि ते मीठ धारेला गंज देतं. म्हणून हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करूनच घासा, आणि उकाड्यात तर मी ते सोडूनच देतो. कपाळाचा घाम पट्ट्यावर टपकतो, पंखा आवाजाआड येतो म्हणून बंद केला असेल तर गळ्यात पंचा ठेवा.

वस्तऱ्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, बोटाने नाही, कापसाने, दोन्ही बाजूंना पाठीकडून धारेकडे. खोबरेल तेल नको, ते चिकट होतं आणि धूळ धरतं. दांडीतल्या फटीत पाणी राहतं आणि गंज बहुतेक तिथूनच सुरू होतो, म्हणून टिश्यूची बारीक घडी आत घालून ओढून काढा. मी वस्तरा अर्धवट उघडा ठेवून तासभर सुकू देतो, मग एका डब्यात, नवीन बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर. पुढच्या दाढीआधी ते तेल आधी टिश्यूने पूर्ण पुसायचं, मग कापड, मग चामडं, नाहीतर तेल चामड्यात जातं आणि पातं घसरायला लागतं.